पावलात पाऊल

डॉक्टरबाईंनी कोमलला भिंतीपासून दारापर्यंत तीनदा चालवलं आणि मग संदेशकडे बघून म्हणाल्या, "आता तुम्ही चाला."

संदेशला आधी वाटलं, आपल्याला नाही म्हणत. त्यानं मागं वळून पाहिलं, तर मागं नुसता वजनकाटा. पेशंट पोरगी, वय वर्षं चार. एक्स-रे तिचा, रिपोर्ट तिचे, आणि चालायचं बापानं? आठवड्यापूर्वी बालवाडीच्या बाईंनी सविताला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तुमची कोमल उजवा पाय टाकताना जराशी खाली बसते, एकदा दाखवून घ्या. तेवढ्या एका वाक्यावर घरातल्यांच्या तोंडची चव गेली होती. सविताचे दोन देवांना नवस बोलून झाले होते, संदेशनं हॉटेलात ऐन हंगामाच्या तोंडावर दोन रजा टाकल्या होत्या, आणि आठवडाभर तो पोरीच्या गुडघ्यांकडे असा टक लावून बघत होता की शेवटी तिनं फ्रॉक ओढून गुडघे झाकून घेतले. आणि आता ही बाई म्हणते, तुम्ही चाला. तो उठला. लोणावळ्याच्या बाजारातला तो दवाखाना केवढासा, भिंतीपासून दार सात पावलं. तो गेला, आला. बाई म्हणाल्या, "परत." तो परत गेला, परत आला. कोमल टाळ्या वाजवायला लागली. "घरात आणखी कोणी असं चालतं?" बाईंनी विचारलं. "असं म्हणजे कसं?" "असंच. तुमच्यासारखं." "माझ्यासारखं म्हणजे कसं?" बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शर्टाचं बटण उघडं राहिलंय हे सांगावं तितक्या सहज सांगितलं, "तुम्ही लंगडता हो."

बत्तीस वर्षं हे पाय त्याच्याच कमरेखाली होते. त्याच पायांनी तो शाळेत गेला, कामशेतच्या बाजारात गेला, खंडाळ्याच्या हॉटेलात अकरा वर्षं दिवसाला बारा-बारा तास फिरला, लग्नात सप्तपदी चालला. आणि त्याला पत्ता नाही! बाई पुढं बरंच काही सांगत होत्या. पोरीच्या हाडात काही नाही, स्नायूत काही नाही, तिनं तुमचं बघून उचललंय. मुलं बघतात तसं करतात, तिला रागावू नका. पण अंगवळणी पडायच्या आत सुटलं तर बरं, नाहीतर कंबर आणि पाठ त्याच सवयीनं वाढत जातात, मग सोडवणं जड जातं. संदेशनं विचारलं, "मग औषध काय द्यायचं?" बाई म्हणाल्या, "औषध तुम्हीच. तिच्यासमोर सरळ चाला, म्हणजे झालं." झालं! जणू चपला बदलायला सांगत होत्या. तो मान हलवून खुर्चीतून उठला आणि उठल्यावर कुठला पाय आधी टाकायचा हेच त्याला कळेना.

बाहेर रस्त्यावर आल्यावर तो सविताला म्हणाला, "तुला माहीत होतं?" सविता चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला होती. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून तिची जीभ चांगली धारदार झाली होती. पण आता ती कोमलच्या वेण्या नीट करायच्या निमित्तानं खाली वाकली. "अहो, माहीत म्हणजे काय. तुम्ही मला बघायला शिरगावला आलात तेव्हाच आईनं बघितलं होतं. माझे आबा म्हणाले, घराण्यातच आहे, त्याच्या बापाचंही आहे, पण पोरगा कामाचा आहे." "आणि मला कोणी सांगायचं नाही?" "काय सांगायचं? तुमचा पाय, तुम्हाला ठाऊक असेल असंच वाटणार ना माणसाला?" त्याला इतका संताप आला की तिथंच रस्त्यात बसकण मारावी असं वाटलं. म्हणजे सगळ्या मावळाला ठाऊक, शिरगावला ठाऊक, चार वर्षांच्या पोरीला ठाऊक, आणि ज्याचा पाय त्यालाच दवाखान्यात पैसे भरून कळणार. कोमल त्याचं बोट धरून पुढं ओढत होती. तिचा उजवा पाय टेकला की तिची वेणी उजवीकडे झुलायची, आणि वेणी झुलली की त्याचा खांदा त्याच बाजूला पडायचा. दोघं एकाच तालात चालत होते, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात त्यानं सीतारामला विचारलं. सीताराम म्हणजे तिथला वेटरांवरचा सगळ्यांत जुना कॅप्टन. दरीच्या तोंडावरच्या त्या रेस्टॉरंटमधली प्रत्येक खुर्ची त्याला पाठ. त्यानं आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग हसला. "कोण म्हणतं लंगडतोस? माझ्या हाताखाली लंगडा माणूस फ्लोअरवर अकरा वर्षं टिकेल होय रे?" संदेशच्या जिवात जीव आला. डॉक्टरबाईच येडी, असं त्यानं मनात म्हणूनही घेतलं. पण बरोबरचा गौरव पक्का खोडकर. तो म्हणाला, थांब, मोबाइलवर काढतो, आपलं आपणच बघ. ट्रे घेऊन संदेश किचनपासून सात नंबरच्या टेबलापर्यंत गेला. ट्रे ठेवून रिकाम्या हातानं परत आला. मग दोघं पँट्रीच्या दाराशी उभे राहून बघायला लागले. जाताना पडद्यावर एक सरळ, ताठ, हलका माणूस चालला होता. मान किंचित डावीकडे कललेली, कोपर शरीराला चिकटलेलं. तो सीताराम होता, अंगावर संदेशचे कपडे घातलेला. आणि येताना काळ्या वेस्टकोटात येत होते अंबाजी, संदेशचे वडील. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. उजवा पाय चवड्यावर, मग खांदा पडणार, मग डावा पाय धप्प. गौरव हसत म्हणाला, "च्यायला, तू तर दोन माणसं आहेस." संदेशला हसू आलं नाही. त्यानं तो व्हिडिओ सात-आठ वेळा पाहिला. दोघांत तिसरा माणूस कुठं दिसतोय का, ते तो शोधत होता.

सीतारामनं त्याला कधी काही शिकवलं नव्हतं. "बघ आणि कर," एवढाच त्याचा मंत्र. पहिले तीन महिने संदेश नुसता त्याच्या मागं-मागं फिरला होता. ट्रे कसा उचलायचा, कुठल्या बाजूनं वाढायचं, गिऱ्हाईक ओरडलं की डोळे अर्धा क्षण मिटून "येस सर" कसं म्हणायचं, हे सगळं त्यानं पाठीमागून उचललं. ट्रे हातात आला की पाय आपोआप सीतारामचे व्हायचे. आणि ट्रे खाली ठेवला की? ट्रे खाली ठेवला की तो पुन्हा गावच्या भातखाचरांत. तिथं चालायची रीतच तशी. भाताची खाचरं म्हणजे सगळा चिखल, मधले बांध हातभर रुंद, त्यात खेकड्यांची बिळं, निसरडं, कधीमधी जनावर. म्हणून ओळीनं चालायचं. थोरला पुढं, धाकटा मागं, आणि मागच्यानं पुढच्याच्या पावलातच पाऊल टाकायचं. "पावलात पाऊल ठेव. न्हाईतर जाशील बिळात, मोडंल तंगडी," असं अंबाजी मागं न बघताच म्हणायचे. ते कधीच मागं बघायचे नाहीत. त्यांचं डावं पाऊल खोल उमटायचं, टाचेसकट. उजवं नुसतं बोटांचं, उथळ. पाच-सहा वर्षांचा संदेश त्या खोल पावलात डावा पाय घालायचा आणि उथळ पावलात उजव्या पायाची बोटं टेकवायचा. खोल, उथळ, खोल, उथळ. कमरेएवढ्या भातातून बापाची पाठ पुढं हलत असायची, आणि पावलात पाऊल बरोबर बसलं की त्याला असा काही आनंद व्हायचा की विचारू नका. गृहपाठाचं कौतुक त्या घरात कुणी करत नसे, पण बांध न घसरता पार केला की बाप म्हणायचा, "आलास व्हय?" तेवढ्यासाठी तो चार-चार वेळा उगाच शेतावर जायचा.

मग सुरू झाला सरळ चालण्याचा वनवास. सकाळी कोमल उठायच्या आत तो गच्चीवर फेऱ्या मारायचा आणि सविता पाण्याच्या टाकीला टेकून सांगायची, "सरळ. सरळ. बसला. परत बसला. अहो, आत्ता तर बरं चालला होतात!" जितकं लक्ष द्यावं तितकं बिघडायचं. कधी डावाच पाय लंगडायला लागायचा. एकदा तर जिना कसा उतरायचा तेच विसरला आणि कठडा धरून उभा राहिला. रविवारी सुट्टी मिळाली की तो बाजारात एका पानटपरीपाशी थांबायचा आणि माणसांचे पाय बघायचा. लोणावळ्यात पायांना काय तोटा? पुण्या-मुंबईची माणसं चिक्कीच्या पिशव्या घेऊन नुसती वाहत असतात. पोट पुढं काढून चालणारे, बूट घासत चालणारे, कुणाच्या बापाचं देणं लागत नसल्यासारखे चालणारे. एखाद्याच्या मागं तो पन्नास पावलं जायचा आणि पन्नासाव्या पावलाला त्याची चाल अचूक व्हायची. उचलण्यात तो पटाईतच होता! शेठ झाला, कॉलेजातला पोरगा झाला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला गोरा झाला. तसाच घाईघाईनं, चाल अंगावरून सांडू नये म्हणून जपत घरी यायचा. कोमल दारातच उभी असायची. ती त्याला वरपासून खालपर्यंत बघायची आणि विचारायची, "पप्पा, तुम्ही आज कोण झालात?" की संपलं. त्या एका प्रश्नासरशी पाय पुन्हा अंबाजींचे.

शेवटी वैतागून तो हॉटेलातला एक जुना, चेपलेला ट्रे मागून घेऊन घरी आला. सविता म्हणाली, हे काय आणखी? तो म्हणाला, तू गप बघ. ट्रेवर दोन पेले ठेवून तो स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आला. सरळ, ओळंबा सोडल्यासारखा. सविता बघतच राहिली. कोमलही बघत होती. तिनं काही विचारलं नाही. ती मांडणीपाशी गेली, स्टीलची ताटली काढली, पंज्यावर तोलली आणि बापामागून चालू लागली. वेणी हलली नाही! सवितानं तोंडावर हात ठेवला. पुन्हा फेरी झाली, पुन्हा सरळ. चार दिवस घरात नुसता आनंद. संदेश घरी आला की ट्रे उचलायचा, पोरगी ताटली उचलायची, आणि दोघं त्या दहा बाय बाराच्या खोलीत येरझाऱ्या घालायची. पाचव्या दिवशी सविता भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "कोमे, जरा पाणी आण गं." कोमलनं ताटलीत पेला ठेवला, आली, मान किंचित डावीकडे कलली, डोळे अर्धा क्षण मिटले आणि ती बारीक आवाजात म्हणाली, "येस सर."

संदेशनं ताटली हिसकावली आणि भिंतीवर फेकली. पाणी, पेला, ताटली, सगळं सांडलं आणि पोरीनं भोकाड पसरलं. "अहो, वेड लागलं का तुम्हाला? सरळ चालत होती ना पोरगी?" "माझ्या पोरीनं ताट हातात घेऊन चालायचं नाही." "मग काय हातात घेऊन चालायचं?" तो आणखीच चिडला. ज्या गोष्टीवर घर चाललं होतं, ज्या पगारावर बालवाडीची फी जात होती, त्याची लाज वाटतेय असं बायकोसमोर कबूल कसं करायचं? लाज नव्हती ती, असंही त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण अकरा वर्षांत स्वतःचं ते डोळे मिटणं त्याला कधी बाहेरून दिसलं नव्हतं. त्या अर्ध्या क्षणात तो किती शिव्या गिळत होता, हे त्याचं त्यालाच माहीत. ते पोरीनं उचललं, वरचं वर, आतल्या शिव्यांशिवाय, आणि तिला ते गोड दिसत होतं. लंगडी का वेटर, दोनच वाटा. आणि दोन्ही बापाच्याच. तो कोमलला उचलून घ्यायला गेला तर ती सविताच्या पदराआड गेली. जाताना लंगडत गेली.

एप्रिलमध्ये एका सुट्टीला तो गावाला गेला. कामशेतला उतरून जीपनं तासभर. आई विठाबाई अंगणात बसून तांदूळ पाखडत होती. चहा झाल्यावर त्यानं विचारलं, "आये, आबांच्या पायाला काय झालंतं गं?" गावात पाय ठेवला की त्याची बोलीही बदलायची. ती कुणाची उचललेली, हे विचारायची आता त्याला भीती वाटत होती. "कुनाच्या पायाला?" "आबांच्या. आमच्या बापाच्या." "त्याला काय झालंतं? काय बी न्हाई. धडधाकट व्हता." "मंग लंगडायचे ते?" विठाबाईनं सूप थांबवलं. "त्यो व्हय. त्यो तसाच चालायचा. पाय मोडलाता तुज्या आज्याचा, भिकाजीचा. रानात लाकडाचा वंडका पडला हुता पायावर. ह्यो त्याच्या मागं-मागं बांदावर चालून तसाच झाला. मी लगीन करून आले तवा दोगं बाप-ल्योक येकामागं येक येताना बगितले आन् मला हसूच आलं बग." आणि ती आत्ताही हसली.

संदेशला वाटलं, समोरची चूल, अंगण, सगळं उचलून फेकून द्यावं. "आये, मी रोज तेल लावायचो त्या पायाला. रोज. दिवेलागणीला. तिळाचं तेल कोमट करून." "लावायचास की." "मी पोरांबरोबर खेळायला जायचो न्हाई. पाय दुखत आसंल म्हणून." "न्हाई दुखायचा." "मग त्यांनी सांगायचं न्हाई? गप बसून चोळून घ्यायचा?" विठाबाई सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "येवढं काय चिडायचं त्यात. पोरगं तेवढंच जवळ बसतंय म्हनून बसायचा त्यो. येरवी त्याला तुज्याशी काय बोलावं ते कुटं कळत व्हतं." आणि काय बोलावं ते संदेशलाही कळेना. त्या संध्याकाळी त्याला जशाच्या तशा आठवत होत्या. बापाची पोटरी घट्ट, केसाळ, कोमट. त्यावर आपले दोन तळहात. बाप भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेला. मध्येच तो "हां, तितं" म्हणायचा, आणि संदेशला वाटायचं, दुखरी जागा सापडली आपल्याला. कसली दुखरी जागा! खोट्या पायाला खरं तेल. राग यावा तर माणूस दोन वर्षांपूर्वीच निघून गेलेला, आणि राग न यावा तर पोरीचा पाय डोळ्यांसमोर. "आन् तुमी बायका कशा सरळ चालता गं? तुमी पण त्याच बांधावरून जायच्या." "आमी कुनाच्या पावलात चालतोय? आमच्या डोक्यावर पाटी. डोक्यावर पाटी आसली की लंगडाया जागा कुटं ऱ्हाती?" ती सूप झटकून उठली आणि पाण्याची कळशी घेऊन ताठ मानेनं आत गेली.

तोडगा सवितानंच काढला. कोमलला मे महिनाभर शिरगावला, आपल्या आईकडे ठेवायचं. बापाचे पाय नजरेआड झाले की पोर विसरेल. संदेश हो म्हणाला, दुसरं म्हणणार काय? सोडायलाही तो गेला नाही. मे महिना, हॉटेलात पाय ठेवायला जागा नाही, हे कारण आयतंच होतं. सुट्टीच्या दिवशी सविता जायची, तो घरी बसायचा. व्हिडिओ कॉलवर तो गळ्यापासून वरच दिसेल असा फोन धरायचा. "पप्पा, तुम्ही येत का नाही?" "हंगाम आहे बाळा." "हंगाम कधी जाणार?" "जाईल." चौथ्या आठवड्यात सवितानं व्हिडिओ आणला. मंदिरावरून येणाऱ्या रस्त्यानं कोमल चालत होती. सरळ! वेणी जागच्या जागी. फक्त दोन्ही हात पाठीमागं बांधलेले आणि मान जरा पुढं काढलेली. सविता हसून लोळायची बाकी होती. "आबा! डिट्टो माझे आबा! सकाळी देवळात जातात ना, ही मागं-मागं असते." संदेशही हसला, आणि हसता हसता त्यानं फोन पालथा ठेवला. पोरगी बरी झाली म्हणून बापाला आनंद व्हावा की नाही? झाला, नाही असं नाही. पण महिना झाला नाही तोवर ती दुसऱ्या म्हाताऱ्याची झाली, आणि आपलं जे काही तिच्यात होतं ते वरच्यावर धुवून गेलं, हे त्याला सहन होईना. पाय वाकडा का असेना, तिच्या अंगात दिसणारी आपली तेवढी एकच गोष्ट होती, असा वेडा विचार त्याच्या मनात आला. असला विचार करणारा बाप हलकट असतो, असंही त्यानं स्वतःला सुनावलं.

जूनमध्ये बालवाडी सुरू व्हायची म्हणून सविता मेअखेरीसच तिला घेऊन आली. दुपारच्या लोकलनं. संदेश स्टेशनवर अर्धा तास आधीच जाऊन बाकावर बसला होता. उठायचं नाही, असं ठरवूनच बसला होता. गाडी लागली. डब्याच्या दारातून कोमल उतरली आणि "पप्पा" ओरडत धावत सुटली. सरळ, बाणासारखी, एकदाही कुठं न बसता. त्याच्या गुडघ्यांवर येऊन आदळली. त्यानं तिला इतकं घट्ट धरलं की ती "पप्पा, लागतंय" म्हणाली. सविता बॅग सावरत आली. "बघितलंत? आता चला, रिक्षा बघते, ऊन फार आहे." "तुम्ही दोघी व्हा पुढं. मी येतो मागून." सवितानं त्याच्याकडे पाहिलं. तिला कळलं. ती बॅग खांद्याला लावून पुलाचा जिना चढायला लागली. कोमल मात्र हलेना. "चला ना." "तू आईबरोबर जा. मी आलोच." "तुम्ही का नाही येत?" "येतो म्हटलं ना. तू पुढं चल. पुढं बघायचं, मागं नाही बघायचं." बापाच्या मागं चालत वाढलेला तो, आता पोरीला पुढं घालून मागून चालणार होता. तेवढंच त्याला सुचलं होतं आणि तेवढंच त्याच्या हातात होतं.

कोमल जिना चढली. तीन पायऱ्या, की वळून पाही. ती वळली की संदेश थांबे. पाय असेल तिथं, एक वर, एक खाली. ती पुढं झाली की हा दोन पायऱ्या चढे. पुन्हा ती वळे, पुन्हा हा थांबे. पुलावर पोचेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं होतं. पोरांना काय, सगळ्याचा खेळ. "स्टॅच्यू!" ती ओरडली. तो थांबला. ती खिदळली, चार पावलं गेली, गर्रकन वळली. "स्टॅच्यू!" तो पुन्हा थांबला. माणसं वाट काढत बाजूनं जात होती, एक म्हातारा "काय खेळ मांडलाय मधेच" असं पुटपुटला, आणि संदेश कपाळावरचा घाम पुसायलाही हात हलवत नव्हता. बरं चाललं होतं. पूल अर्धा झाला होता. अशीच पलीकडच्या जिन्यापर्यंत गेली की रिक्षा. रिक्षातून घर. घरात खुर्ची. आणि उद्याचं उद्या बघू.

मग कोमल अचानक थांबली आणि पाय आपटून म्हणाली, "आता माझी पाळी. आता मी स्टॅच्यू. तुम्ही चाला." "नको बाळा, आई वाट बघतेय." "नाही! तुम्ही किती वेळा झालात, आता मी. तुम्ही पुढं जायचं." "कोमल, ऐक." पण ती ऐकायला उरलीच नव्हती. एक हात वर, एक पाय पुढं, ओठ घट्ट मिटलेले, ती पुलाच्या मधोमध पुतळा होऊन उभी राहिली. पलीकडं सविता बॅग घेऊन केव्हाच खाली उतरली होती. ट्रेसारखं धरायला हातात काही म्हणता काही नव्हतं. संदेशनं श्वास घेतला आणि पोरीला ओलांडून तो पुढं चालू लागला. एक. दोन. तीन. दोन महिने गच्चीवर घासलेलं सगळं त्यानं गोळा केलं. टाच, चवडा, खांदा सरळ. चार. पाच. सहा. पाठीवर तिची नजर त्याला लागत होती, अगदी बोट लावल्यासारखी. सात. आठ. आपण करतोय, जमतंय, असं त्याच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याबरोबर नवव्या पावलाला उजवा पाय चवड्यावर गेला आणि खांदा पडला. डावा धप्प वाजला. तो थांबला नाही, थांबला असता तर बरं झालं असतं. पुढच्या तीन पावलांत सगळी खाचरं पार झाली, खोल, उथळ, खोल.

तो वळला. कोमल तिथंच होती. हात वरच्या वर, पाय पुढच्या पुढं. फक्त डोळे तेवढे जिवंत, आणि ते त्याच्या तोंडाकडे नव्हते, पायांकडे होते. "कोमल, डोळे मीट," तो म्हणाला. ती हलली नाही. "डोळे मीट म्हणतो ना तुला! माझ्या पायांकडे बघू नको!" तो इतक्या जोरात ओरडला की पुलावरची माणसं चालायची थांबून बघायला लागली. ती नाही हलली. पुतळा कुठं कुणाचं ऐकतो? न मिटल्यानं तिचे डोळे लाल झाले होते, पाणी भरून गालांवर ओघळत होतं, तरी तिनं पापणी लवू दिली नाही.